थांबले की विसरले

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही लेकीने आणून दिली. "आई, दिवसभरात काय झालं, कोण काय बोललं, सगळं आठवून लिहीत जा. महिन्याने बघू कुठे गळती आहे ते." मी म्हटलं, मी काय नळ आहे? ती हसली नाही. माझ्या विनोदांना हल्ली घरात गिऱ्हाईक उरलेलं नाही.

तर लिहिते. मी नटी आहे. हे लिहितानासुद्धा पेन अडखळलं, कारण सकाळी नऊ ते दोन मी चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी असते आणि घर त्यावर चालतं. नाटकात एकतीस वर्षं काढली. त्यात मी शेजारीण झाले, मावशी झाले, नर्स झाले, दोनदा वकीलबाई आणि एकदा प्रेत. प्रेताचं काम चांगलं झालं असं सगळे म्हणाले होते. आता त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली आहे.

दोन बहिणींचं नाटक आहे, मी त्यातली थोरली. माझ्या नावाने आलेलं एक पत्र धाकटीने अठरा वर्षांपूर्वी फाडून टाकलेलं असतं आणि त्यापायी माझं लग्न राहिलेलं असतं. दुसऱ्या अंकात ती रडत रडत ते कबूल करते. त्यावर मी म्हणते, "मला माहीत होतं." मग थांबते. मग म्हणते, "पहिल्या दिवसापासून." सगळं नाटक त्या थांबण्यावर उभं आहे.

काल तालमीत पहिल्या अंकातलं एक अगदी साधं वाक्य गेलं. "पाणी तापलंय, आधी आंघोळ करून घे." एवढंच. तोंड उघडलं आणि आत काही नाही. विंगेतून कुजबुजने शब्द दिला आणि मी पुढे गेले. कुणाला पत्ताही लागला नाही.

कुजबुज म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. वय एकाहत्तर. त्यांचं खरं नाव कंपनीत मॅनेजरलाच माहीत असेल. डाव्या विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसतात. अडलेल्या नटाला ते असा शब्द देतात की तो त्याच्याच कानात पडतो, शेजारी उभ्या असलेल्याच्याही नाही. मी त्यांना काका म्हणते. माझ्या पहिल्या नाटकापासून ते विंगेत आहेत.

घरी आले, लेकीला सांगितलं आणि मग रडले. आईचंही असंच सुरू झालं होतं, साध्या शब्दांपासून. आधी 'झाकण' हा शब्द गेला, मग गल्लीचं नाव, मग माझं. शेवटची दोन वर्षं ती मला 'अहो बाई' म्हणायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिग्दर्शकाने माझे हात काढून घेतले.

दिग्दर्शक तरुण आहे, हुशार आहे, आणि दर दोन मिनिटांनी 'शांत, शांत' म्हणतो, म्हणून त्याचं नाव आम्ही 'शांतता' पाडलंय. कबुलीच्या प्रवेशात मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बोलते. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे हात फार बोलतात. तोंडाला संधीच देत नाहीत. टेबलाशी बसा, हात मांडीवर ठेवा. टेबलाच्या आड. हलवायचे नाहीत."

मला ते लागलं. एकतीस वर्षं माझ्या हातात काही ना काही असतंच. मावशी असले तर भाजी निवडते, वकीलबाई असले तर पेनाचं टोपण काढते, लावते. हात चालू असले की मला धीर येतो. पण मुख्य भूमिका मिळालेल्या बाईने हट्ट करायचा नसतो, म्हणून बरं म्हटलं.

माझ्यापेक्षा कुजबुजकाकाच भडकले. सहसा ते तालमीत तोंड उघडत नाहीत. आज उठून दिग्दर्शकापुढे गेले. "हात राहू द्या तिचे. हात काढले तर काय उरलं?" दिग्दर्शक म्हणाला, "अभिनय उरेल, काका." सगळे हसले. काका हसले नाहीत, स्टुलावर जाऊन बसले. माझी बाजू घेऊन कुणी भांडावं, असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात आज गंमत झाली. एक आजोबा गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी डोळे तपासायला आले. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. मला शंका आली, म्हणून बोलता बोलता तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं आहेत. आजोबांनी पहिलीच पुन्हा म्हटली, त्याच ठसक्यात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या पाठ केली होती. दुकानदार पोट धरून हसला. मीही हसले, पण त्यांचं तोंड बघून मग हसू आवरलं.

ह्यापुढचं लिहायला जिवावर येतंय.

तालीम. कबुलीचा प्रवेश. हात मांडीवर. मी म्हटलं, "मला माहीत होतं," आणि थांबले. आणि विंगेतून आवाज आला, "पहिल्या दिवसापासून."

मोठ्याने आला. धाकटीचं काम करणारी दचकली. दिग्दर्शकाने मान वर केली. मी वाक्य पूर्ण केलं, पण प्रवेश मेला.

मला वाटतं मी थांबले होते, विसरले नव्हते. पण काकांना तीस वर्षांत माझं थांबणं आणि माझं अडणं ह्यांत कधी घोळ झाला नाही. मग आजच कसा होईल? त्यांना बाहेरून काही दिसलं असणार. मला आतून कळलं नसणार. आईलाही कळायचं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीनदा. दोनदा कबुलीत, एकदा पहिल्या अंकात, जिथे मी खिडकीकडे बघून थांबते.

चहाच्या वेळी काकांशेजारी जाऊन बसले. ते संहितेत डोकं घालून होते. हळूच विचारलं, "काका, मी अडले होते का हो मघाशी? की थांबले होते?"

ते म्हणाले, "हो हो, साडेचारला."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. माझ्या तोंडावर 'तू विसरलीस' म्हणायला नको म्हणून काहीतरी भलतंच बोलले. इतका भला माणूस. मी पुन्हा विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

उपनगरातल्या लहान सभागृहात पहिला प्रयोग. दुपारी चारचा. निम्म्याहून थोडी जास्त माणसं.

"मला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

दुसरं वाक्य माझं नाही, विंगेचं. तिसऱ्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "विसरली बिचारी." मला रंगमंचावर स्पष्ट ऐकू आलं. तो 'बिचारी' शब्द घरी येईपर्यंत कानात होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काही आठवायचं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लेक डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी पाच शब्द सांगितले, मग गप्पा मारल्या, मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि मग ते पाच शब्द विचारले. मी पाचही सांगितले, त्यांच्याच क्रमाने, त्यांच्याच सुरात. त्या म्हणाल्या, "तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. ताण आहे, झोप घ्या." लेकीचा जीव भांड्यात पडला. रस्त्यात तिने माझा हात धरला, शाळेत असताना धरायची तसा.

माझा जीव कुठेच पडला नाही. पाठांतर माझा धंदा आहे. पाच शब्द मी झोपेतही म्हणेन. मी तिथेही एका शहाण्यासुरत्या बाईची भूमिका केली आणि ती चांगली वठली, एवढंच सिद्ध झालं.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "काका जेव्हा शब्द देतात, त्या क्षणी तुला पुढचं वाक्य आठवत असतं का?"

"असतं असं वाटतं. पण त्यांनी सांगितल्यामुळे आठवलं, की आधीपासून आठवत होतं, हे मला कसं कळणार?"

पूर्वी मी वाईट नटी आहे का, अशी शंका यायची. तिची सवय झाली होती, ती घरातल्या जुन्या पाहुण्यासारखी होती, यायची, बसायची, जायची. आता शंका अशी आहे की ही शंका घेणारी तरी मी जाग्यावर आहे का.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. टेबलावर तिकिटांचे गठ्ठे, भिंतीवर जुन्या नाटकांची पोस्टरं. एकाही पोस्टरवर मी नाही, सवयीने शोधून पाहिलं.

म्हणाला, "ताई, स्पष्टच बोलतो. एक मार्चला मोठ्या थिएटरात प्रयोग आहे. दौऱ्याचं ठरवणारी माणसं येणार आहेत. तिथे विंगेतून आवाज आला तर संपलं. मी दुसऱ्या बाईंना संहिता दिलीय, पाठ करून ठेवतायत. राग मानू नका."

मी म्हटलं, राग कसला.

"आणि खरं सांगू? आता प्रॉम्प्टर ठेवतं कोण? कुजबुजला मी कधीच घरी बसवला असता. तुमचा त्यांच्यावर भरवसा, म्हणून ठेवला. त्यांना काढून बघू का? तुमची भीती मोडेल."

मी घाईघाईने नको म्हटलं. ते नसतील तर मी रंगमंचावर पाऊल टाकू शकणार नाही. त्यापेक्षा मीच सोडते. उद्या-परवा काकांना आधी सांगेन, मग मॅनेजरला.

एकतीस वर्षं वाट बघितली आणि आता दारात उभी राहून म्हणतेय, नको, चुकून आले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून थेट काकांच्या घरी गेले. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, ओ आली नाही, म्हणून आत गेले. काका ओट्याजवळच्या खुर्चीत बसून संहिता वाचत होते आणि दोन हातांवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मी चपला काढून आत येईपर्यंतच चार झाल्या. मी जाऊन गॅस बंद केला, तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. "अगं, तू? सुनेने तीन शिट्ट्यांनी बंद करायला सांगितलं होतं. झाल्या का?" मी म्हटलं, कधीच. एकदा संहितेत शिरले की ह्या माणसाला जगाचं भान राहत नाही.

त्यांनी चहा केला. तेवढ्यात मी त्यांची संहिता चाळली. तीस वर्षांत कधी चाळली नव्हती, त्यांनी चाळू दिली नसती. माझ्या प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीने बारीक चित्र होतं. हातांचं. घडी घालणारा हात, पदराशी चाळा करणारा हात, कपाळावर गेलेला हात. खाली टिपण: 'हात चालू – थांबलीय. हात थांबला – दे.' कबुलीच्या प्रवेशातली सगळी चित्रं खोडलेली होती, आणि तिथे नुसतं प्रश्नचिन्ह.

माझे डोळे भरून आले. माझं काम इतकं बारकाईने कुणी बघितलं असेल असं वाटलं नव्हतं. समीक्षकांनी मला दोन शब्दांत उरकलं. ह्या माणसाने माझा एकेक हात काढून ठेवला.

काका चहा घेऊन आले, त्यांनी माझ्या हातात संहिता बघितली आणि उभेच राहिले. "तुझे हात काढून घेतले त्याने," म्हणाले. "आता मी काय बघू?"

मी म्हटलं, "काका, मी काम सोडतेय."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. कप खाली ठेवला. "नाही. तू नाही सोडायचंस. चूक तुझी नाही, पोरी. चूक माझ्या..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुम्ही कशाला माझं पाप स्वतःवर घेता, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले. बोलत सुटले. रडलेही. चहा तसाच राहिला. निघताना दारात म्हणाले, "उद्याचा दिवस थांब. परवा सांग मॅनेजरला." एक दिवस थांबायला काय जातं. हो म्हटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मूर्ख बाई.

काम सोडायचं म्हणून ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली, गळती किती ते लेकीला दाखवायला. वाचता वाचता सहा तारखेला अडले. सहा तारखेला हात गेले आणि दहा तारखेपासून विंगेतून आवाज यायला लागला. मग साडेचार. मग कुकर. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. ओळीमागून ओळ लिहीत गेले आणि एकदाही मागे वळून वाचलं नाही.

काकांना ऐकू येत नाही. मोठं बोललेलं येत असेल, समोरून ओठ दिसले तर कळत असेल, पण मी ज्या आवाजात 'मला माहीत होतं' म्हणते, तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कधीपासून, देव जाणे. ते माझ्या हातांवरून नाटक ऐकत होते. हात चालू असेल तर थांबलीय, थांबला तर दे. हात गेले आणि ते आंधळे झाले. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय तेही त्यांना कळत नाही.

मी घरभर फिरले. आधी इतकं हलकं वाटलं की मोठ्याने हसले. मी विसरत नाहीये! मग संताप आला. तीन आठवडे मी स्वतःला वेडी समजले, डॉक्टरांपुढे घड्याळं काढली, आणि हे तिथे स्टुलावर गप्प? मग काल त्यांचं वाक्य मीच तोडलं ते आठवलं आणि शरमेने कानशिलं तापली. ते सांगतच होते. मीच माझ्या दुःखात इतकी बुडालेली की समोरच्याच्या तोंडातलं कबुलीचं वाक्य काढून घेतलं.

आता मॅनेजरला एक वाक्य सांगितलं की झालं. भूमिका माझी, दोष त्यांचा, आणि उद्यापासून स्टूल रिकामं.

आणि एक गोष्ट मात्र तशीच राहते. 'पाणी तापलंय, आधी आंघोळ करून घे.' दोन तारखेचं. तेव्हा माझे हात मोकळे होते, आणि ते थांबले होते, म्हणून तर त्यांनी शब्द दिला. ते मी विसरले होते. ते मला दुसऱ्याच्या कानांवर ढकलता येत नाही.

लेकीला ह्यातलं काही सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तालमीच्या आधी, हॉलमध्ये कुणी नसताना काकांना गाठलं. समोर खुर्ची ओढून बसले, तोंड उजेडाकडे करून. सावकाश बोलले.

"काका, मी काम सोडत नाहीये. पण मला तुमची मदत हवी. मी थांबले की विसरले, हे तुम्हाला कळायला हवं. हात टेबलाआड आहेत, प्रेक्षकांना दिसत नाहीत. पण विंगेतून तुम्हाला माझी मांडी दिसते. डाव्या हाताचा अंगठा बघायचा. अंगठा हलत असेल तर मी थांबलेय, काही द्यायचं नाही. अंगठा थांबला तर द्या. आणि हळू द्या, काका. नेहमीपेक्षा अर्ध्या आवाजात."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"काय सांगायचंय?" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "दौऱ्याचं ठरलं की मी कान तपासून घेतो. यंत्र लावतो. आजवर लावलं नाही, कारण यंत्र दिसलं की मॅनेजर दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल. तो बहिऱ्याला विंगेत का ठेवेल? मीही नसता ठेवला." आणि मग, "तुझी झोप उडवली मी. मला कळत होतं गं. तुझं तोंड बघून कळत होतं. तरी गप्प बसलो. भित्रा माणूस."

मी म्हटलं, "आपण दोघंही." रागावायचं ठरवून गेले होते, पण एकाहत्तर वर्षांचा माणूस समोर बसून स्वतःला भित्रा म्हणत असेल तर रागावणार कुणावर.

तालमीत कबुलीच्या प्रवेशात अंगठा हलवत थांबले. विंग गप्प. दिग्दर्शक म्हणाला, "शांत, शांत... वा." तोवर मॅनेजरही दाराशी येऊन उभा राहिला होता.

१ मार्च, रविवार

प्रयोग झाला. सगळं नीट आठवतंय, म्हणून क्रमाने लिहिते.

थिएटर भरलेलं. मेकअप करताना भुवई दोनदा पुसून काढली. धाकटीचं काम करणारी म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून मला भीती नाही." मला वाटलं, वेडी आहेस. काका स्टुलावर जाऊन बसले तेव्हा त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी अंगठा वर करून दाखवला आणि मग आपणच हसले.

पहिला अंक सुरळीत. खिडकीपाशी थांबले, अंगठा हलवला, विंग गप्प.

दुसरा अंक. टेबल. धाकटीने कबूल केलं, डोकं टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "मला माहीत होतं." अंगठा हलत होता. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी त्या शांततेत बसले आणि मला इतकं बरं वाटलं, ही शांतता माझी आहे, मी मागितली आणि एवढ्या माणसांनी दिली, असं काहीतरी वाटलं. आणि मग बोलायची वेळ आली आणि पुढे काही नव्हतं.

खरोखर काही नव्हतं. तीनशेदा म्हटलेलं वाक्य. विंगेतून मोठ्याने येऊन येऊन ज्याने माझी अब्रू काढली, तेच वाक्य. त्या क्षणी ते जगात नव्हतं. आई डोळ्यांसमोर आली. 'अहो बाई' म्हणताना तिचा चेहरा असायचा, अगदी सभ्य आणि हरवलेला. माझाही आता तसाच झाला असेल असं वाटलं.

अंगठा हलतच होता. माझ्याच्याने थांबवेना. तो थांबला की काकांना कळणार की ही विसरली, ह्या खेपेला खरंच विसरली, आणि मग मला स्वतःलाही ते मान्य करावं लागणार. मी वाट बघत राहिले, आपोआप येईल म्हणून. आलं नाही. काका विंगेत माझ्या अंगठ्याकडे बघत बसलेले, मी सांगितलं होतं तसे, गप्प. मी थांबवला नाही तर ते जन्मभर काही देणार नव्हते.

मी अंगठा थांबवला.

शब्द आला. इतका हळू, की हातभर अंतरावरच्या धाकटीने डोकं हलवलं नाही. मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून," आणि सभागृहातून एक मोठा श्वास आला.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक धावतच आत आला. "मॅडम, अकरा सेकंद! मी मोजले! असा पॉज मी आयुष्यात बघितला नाही. बघा, हात शांत ठेवले की काय होतं ते!" दौऱ्याची माणसं भेटून गेली. मॅनेजरने दुसऱ्या बाईंना फोन करून संहिता परत मागवली. मी सगळ्यांना धन्यवाद म्हटलं. कुणाला खरं सांगितलं नाही.

काका विंगेत संहिता पिशवीत घालत होते. मी जवळ गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

लेक बाहेर उभी होती. येऊन गळ्यात पडली. "आई, काय थांबलीस गं! माझ्या अंगावर काटा आला."

म्हटलं, "थांबले नव्हते. विसरले होते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "खरंच? मग?"

"मग मागितलं."

"आणि?"

"मिळालं."

मला वाटलं, रडणार आता. पण तिने माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल, पाय दुखत असतील." खरंच दुखत होते. आम्ही चालत घरी आलो, ती पुढे, मी मागे. कोपऱ्यावर वळताना मला आमच्या गल्लीचं नाव आठवलं नाही. मी तिला विचारलं, तिने सांगितलं, आणि आम्ही वळलो.